वैडूर्य

वैडूर्य (पर्यायी रूप: वैदूर्य) हे भारतीय परंपरेतील नवरत्नांपैकी एका रत्नाचे नाव आहे. आजच्या मराठीत वैडूर्य म्हणजे लसण्या, अर्थात मांजराच्या डोळ्यासारखी प्रकाशरेषा दाखवणारा पिवळसर किंवा हिरवट खडा, असा अर्थ घेतला जातो. खनिजशास्त्राच्या दृष्टीने हा खडा क्रिसोबेरिल या खनिजाचा प्रकार आहे. मात्र हे नाव नेहमीच या खड्याचे नव्हते. प्राचीन संस्कृत, पाली व प्राकृत ग्रंथांतील वैडूर्य हे बहुतेक ठिकाणी बेरिल हे पारदर्शक खनिज आहे, तर बौद्ध परंपरेबरोबर मध्य व पूर्व आशियात गेलेल्या याच शब्दाने निळ्या रत्नाचा, पुढे लाजवर्दाचा आणि अखेरीस काचेचाही अर्थ धारण केला. त्यामुळे एखाद्या जुन्या ग्रंथात वैडूर्य हा शब्द आला, की तो ग्रंथ कोणत्या काळातला, कोणत्या प्रदेशातला आणि कोणत्या विषयाचा आहे हे पाहिल्याखेरीज त्याचा अर्थ ठरवता येत नाही.

शब्दाची रूपे व व्युत्पत्ती

संस्कृतात वैडूर्य आणि वैदूर्य अशी दोन्ही रूपे आढळतात. पालीत वेळुरिय, तर प्राकृतात वेरुलिय, वेलुरिय अशी रूपे आहेत. पाणिनीच्या अष्टाध्यायीत (४.३.८४) विदूर या स्थलनामापासून हा शब्द साधलेला असून त्यानुसार वैदूर्य म्हणजे 'विदूर येथून येणारे' असा अर्थ होतो. या सूत्रावर पतंजलीने महाभाष्यात घेतलेली शंका मनोरंजक आहे. हे रत्न मुळात विदूर येथे सापडतच नाही. ते वालवाय पर्वतावर मिळते आणि विदूर येथे त्याच्यावर फक्त संस्कार केला जातो, मग त्याला विदूराचे नाव कसे, असा प्रश्न तो उपस्थित करतो. उत्तरादाखल तो असेही सुचवतो की व्यापारी जसे वाराणसीला जित्वरी म्हणतात, तसे वैयाकरण वालवायालाच विदूर म्हणत असावेत. कोशांमध्ये वैडूर्याला वालवायज हा पर्याय मिळतो तो यावरूनच. व्याकरणाच्या चर्चेत सहज आलेल्या या उल्लेखावरून एक व्यावहारिक माहिती मिळते: इसवी सनापूर्वीच्या शतकांत रत्नाची खाण एकीकडे आणि त्याला पैलू पाडणारे कारागीर दुसरीकडे अशी व्यवस्था होती, आणि माल कारागिरांच्या गावाच्या नावाने ओळखला जाई.

आधुनिक भाषाशास्त्रज्ञांचा कल मात्र वेगळा आहे. त्यांच्या मते वेळुरिय हे रूप आधीचे असून ते दक्षिण भारतातील एखाद्या द्राविडी शब्दावरून आलेले असावे आणि संस्कृत वैडूर्य हे त्याचे नंतर केलेले संस्कृतीकरण असावे. बेरिलच्या जुन्या खाणी तमिळ प्रदेशात असणे या मताला पूरक आहे.

औषधी विकत हिंडणाऱ्या वैदू समाजाच्या नावाशी या शब्दाचा संबंध नाही. ते नाव वैद्य या शब्दावरून आलेले आहे.

प्राचीन ग्रंथांतील वैडूर्य

प्राचीन वैडूर्य म्हणजे लसण्या नव्हे, हे ठरवण्यासाठी ग्रंथांतील वर्णनेच पुरेशी आहेत.

दीघनिकायातील सामञ्ञफल सुत्तात वेळुरिय मण्याची एक उपमा आहे. मणी शुद्ध जातीचा, आठ पैलूंचा, उत्तम घडवलेला आणि स्वच्छ आहे. त्यातून निळा, पिवळा, तांबडा किंवा पांढरा दोरा ओवला आहे. डोळस माणूस तो मणी हातावर घेऊन पाहतो तेव्हा त्याला आतला दोरा स्पष्ट दिसतो. आतला दोरा रंगासह दिसायचा तर मणी जवळजवळ रंगहीन व पूर्ण पारदर्शक हवा. लसण्या अर्धपारदर्शक असतो आणि त्याची रेषा दिसण्यासाठी त्याला घुमटाकार घडवावे लागते. त्याला आठ पैलू पाडले तर त्याचे वैशिष्ट्यच नाहीसे होईल.

कौटिलीय अर्थशास्त्रात, कोशात ठेवण्याच्या रत्नांची परीक्षा सांगणाऱ्या प्रकरणात (२.११), वैडूर्याचे प्रकार रंगावरून दिले आहेत. निळ्या कमळाच्या रंगाचे, शिरीषाच्या फुलासारखे, पाण्याच्या रंगाचे, बांबूच्या रंगाचे आणि पोपटाच्या पिसासारखे असे ते प्रकार आहेत; त्यांच्या जोडीला पुष्यराग, गोमूत्रक आणि गोमेदक ही पिवळसर छटांची नावे येतात. पाणीदार निळसर, हिरवा आणि पिवळा ही तिन्ही बेरिलची नेहमीची रूपे आहेत. याच यादीत पुष्यराग आणि गोमेदक हे वैडूर्याचे पोटप्रकार म्हणून आले आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आज पुष्कराज व गोमेद ही नवरत्नांतील दोन स्वतंत्र रत्ने आहेत. म्हणजे रत्ननामांची ही उलथापालथ एकट्या वैडूर्यापुरती मर्यादित नव्हती.

कालिदासाने मेघदूतात अलकानगरीतील विहिरीच्या वर्णनात सोन्याच्या कमळांना वैडूर्याचे देठ दिले आहेत. कमळाचा देठ हिरवा, गोल आणि तुकतुकीत असतो. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात नवजात पार्वतीमुळे तिची माता कशी शोभली हे सांगताना, नव्या मेघांच्या गर्जनेने विदूरभूमीतून रत्नाची शलाका उगवून यावी, अशी उपमा आहे. शलाका म्हणजे कांडी. बेरिलचे स्फटिक खडकातून षट्कोनी कांड्यांच्याच रूपात बाहेर आलेले दिसतात, त्यामुळे ही कल्पना हवेतून आलेली नसून खाणीतले दृश्य तिच्यामागे असावे असे वाटते. मेघगर्जनेचा हा धागा पुराणांतही आहे. गरुडपुराणातील रत्नपरीक्षेत बलासुराच्या देहापासून सर्व रत्ने निर्माण झाल्याची कथा असून वैडूर्य त्याच्या गर्जनेतून झाले असे म्हटले आहे. तेथे उत्तम वैडूर्याला मोराच्या कंठाची आणि बांबूच्या पानाची उपमा दिली आहे, तसेच काच व स्फटिक यांपासून केलेल्या नकलांविषयी सावधही केले आहे.

जैन तत्त्वार्थसूत्रात जंबुद्वीपाचे विभाग करणारे सहा पर्वत सांगितले आहेत. त्यांपैकी नील पर्वत वैडूर्यमय आहे. येथे वैडूर्याचा रंग निळा धरलेला दिसतो.

खाणी आणि रोमशी व्यापार

भारतातील प्राचीन बेरिलचा मुख्य स्रोत तमिळनाडूतील कोंगू प्रदेश हा होता. तिरुप्पूर जिल्ह्यातील पडियूर येथील बेरिलची खाण प्रसिद्ध आहे. तिच्यापासून फार दूर नसलेल्या, नोय्यल नदीकाठच्या कोडुमणल (इरोड जिल्हा) येथील उत्खननांत मणी घडवण्याच्या उद्योगाचे भरपूर अवशेष मिळाले असून त्यांत बेरिलचे कच्चे व अर्धवट घडवलेले तुकडेही आहेत. याच कोइमतूर परिसरात रोमन नाण्यांचे साठे सापडले आहेत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमीने बेरिल मिळण्याचे ठिकाण म्हणून पुन्नाटाचा उल्लेख केला आहे; ते दक्षिण कर्नाटकातील पुन्नाट होय, असे मानले जाते.

रोमन लेखक थोरला प्लिनी याने आपल्या 'नॅचरालिस हिस्टोरिया' या ग्रंथाच्या ३७ व्या खंडात बेरिलविषयी बरेच लिहिले आहे. बेरिल भारतात होते व अन्यत्र क्वचितच सापडते. समुद्राच्या पाण्यासारखा हिरवा खडा सर्वोत्तम. भारतीयांना लांबट खडे विशेष आवडतात आणि ते त्यांना भोके पाडून हत्तीच्या केसांत ओवतात, असे तो सांगतो. बेरिलला षट्कोनी घडवतात असे लिहून तो लगेच पुस्तीही जोडतो की काहींच्या मते त्याचा आकार निसर्गतःच तसा असतो. हे काही जण बरोबर होते. स्फटिकाला रंग देऊन नकली बेरिल बनवण्याची युक्ती भारतीयांनी शोधली आहे, ही त्याची तक्रार गरुडपुराणातील इशाऱ्याशी जुळते.

पश्चिमेकडील रूपे

मालाबरोबर नावही गेले. प्राकृत वेळुरियावरून ग्रीक 'बेरिल्लोस', त्यावरून लॅटिन 'बेरिल्लुस' आणि पुढे युरोपीय भाषांतील बेरिल हा शब्द तयार झाला, हे आता सर्वमान्य आहे. मध्ययुगीन युरोपात पारदर्शक बेरिल व स्फटिकापासून वाचनासाठी भिंगे घडवत असत. त्यामुळे जर्मन भाषेत चष्म्याला 'ब्रिले' आणि डच भाषेत 'ब्रिल' म्हणू लागले, आणि भिंगे काचेची झाल्यावरही ती नावे टिकली. जर्मन तत्त्वचिंतक निकोलस ऑफ कूझा याने १४५८ मध्ये 'दे बेरिल्लो' हा ग्रंथ लिहिला. त्यात बेरिलचे भिंग हे बुद्धीला सूक्ष्म सत्य दाखवणाऱ्या साधनाचे रूपक आहे. चमकदार या अर्थाचा 'ब्रिलियंट' हा शब्दही याच कुळातला असावा, असे काही व्युत्पत्तिकार म्हणतात, परंतु त्याबाबत एकमत नाही.

दुसरी शाखा इराणी व अरबी भाषांत गेली. अरबी-फारसीतील 'बिल्लौर' म्हणजे स्फटिक किंवा उंची काच. हा शब्दही मूळ वेळुरियाशी जोडला जातो. फारसीतून तो मराठीत बिलोर या रूपाने आला व त्यावरून बिलोरी हे विशेषण झाले. बिलोरी आरसा, बिलोरी हंड्या यांतला 'बिलोरी' आणि पोथीतले 'वैडूर्य' हे दोन्ही मराठीत शेजारी नांदत असले, तरी त्यांचे नाते बोलणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

बौद्ध परंपरा आणि पूर्व आशिया

बौद्ध साहित्यातील सप्तरत्नांच्या यादीत सोने व चांदीच्या जोडीने वैडूर्य येते. वसुबंधूच्या अभिधर्मकोशात मेरू पर्वताच्या चार बाजू चार निरनिराळ्या द्रव्यांच्या असून दक्षिणेची बाजू वैडूर्याची आहे. तिच्या प्रभेमुळे जंबुद्वीपाचे, म्हणजे माणसांच्या जगाचे, आकाश निळे दिसते असे त्यात म्हटले आहे. महायान परंपरेतील भैषज्यगुरू बुद्धाचे पूर्ण नाव भैषज्यगुरुवैडूर्यप्रभराज असे आहे. रोगनिवारणाशी जोडलेला हा बुद्ध तिबेटी चित्रांत गडद निळ्या रंगाचा दाखवतात. जपानमध्ये त्याला याकुशी रुरीको न्योराई म्हणतात व नारा येथील याकुशी-जी हे मंदिर त्याचेच आहे. त्याच्या नावातील 'रुरी' हे वैडूर्याचेच जपानी रूप होय.

चिनी भाषेत हा शब्द आरंभी 'पी-ल्यू-ली' अशा रूपात लिहिला गेला व नंतर त्याचा संक्षेप 'ल्यू-ली' असा झाला. चीनमध्ये तो प्रथम परदेशी निळ्या-हिरव्या रत्नासाठी, मग तशाच दिसणाऱ्या रंगीत काचेसाठी आणि पुढे मातीच्या वस्तूंवरील काचेसारख्या झिलईसाठी वापरात आला. बीजिंगच्या राजप्रासादावरील पिवळी झिलईदार कौले 'ल्यूली'चीच म्हणवली जातात आणि शहरातील ल्यूलीछांग या जुन्या पेठेचे नाव तेथे असलेल्या अशा कौलांच्या भट्टीवरून पडले आहे. कोरियन भाषेत 'युरी' म्हणजे साधी काच. जपानी भाषेत 'रुरी' म्हणजे लाजवर्द व त्याचा गडद निळा रंग. निळ्या पाठीच्या एका माशीमार पक्ष्याला तेथे 'ओओरुरी' म्हणतात.

संस्कृतात लाजवर्दाला राजावर्त हे स्वतंत्र नाव आहे. म्हणून भारतीय ग्रंथांतील वैडूर्याचा अर्थ सरसकट लाजवर्द असा करणे योग्य नाही, जरी पूर्व आशियाई परंपरेच्या प्रभावामुळे तसे अनुवाद अनेकदा झालेले आहेत. तिबेटी वाङ्मयात तर पेच आणखी वाढतो. पाचव्या दलाई लामांचे कारभारी देसी सांग्ये ग्यात्सो यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिलेल्या तीन ग्रंथांची नावे शुभ्र वैडूर्य (ज्योतिष व कालगणना), नील वैडूर्य (वैद्यक) आणि पीत वैडूर्य (गेलुग संप्रदायाचा इतिहास) अशी आहेत. लाजवर्द पांढरा किंवा पिवळा नसतो. त्यामुळे या ग्रंथांच्या इंग्रजी नावांत बेरिल शब्द वापरतात, आणि भैषज्यगुरूच्या देहाचे वर्णन करताना तेच अभ्यासक पुष्कळदा लाजवर्द म्हणतात.

लसण्या हा अर्थ

भारतात वैडूर्य या नावाखाली बेरिलच्या जागी लसण्या कधी आला, याचा नेमका काळ सांगता येत नाही, परंतु बदल झाल्याचा पुरावा मध्ययुगीन रसग्रंथांत मिळतो. साधारणपणे तेराव्या-चौदाव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या रसरत्नसमुच्चयात उत्तम वैडूर्य सावळ्या-शुभ्र कांतीचे, वजनदार आणि पोटात फिरते पांढरे उत्तरीय असलेले सांगितले आहे. खडा हलवला की आतली पांढरी पट्टी सरकते, हे लसण्याचे अचूक वर्णन आहे. वजनाची अटही त्याला लागू पडते, कारण क्रिसोबेरिलची घनता सुमारे ३.७ तर बेरिलची सुमारे २.७ आहे. बिडालाक्ष, म्हणजे मांजरडोळा, हा पर्यायही या अर्थाशी जुळतो.

मराठी लसण्या आणि हिंदी लहसुनिया ही नावे लसणीच्या पाकळीशी असलेल्या साम्यावरून पडली आहेत. नवरत्नांच्या मांडणीत प्रत्येक रत्न एका ग्रहाला दिलेले असते व त्यात लसण्या केतूचा मानला जातो. या समजुतीला वैज्ञानिक आधार नाही, मात्र खड्याच्या आजच्या मागणीचे आणि वैडूर्य हे नाव लोकांच्या तोंडी राहण्याचे तेच मोठे कारण आहे. रसशास्त्रात त्याची पिष्टी व भस्म करण्याची कृती दिलेली असते. जुन्या ग्रंथातील कृती आजच्या लसण्यावर करताना मूळ ग्रंथकाराला कोणते खनिज अभिप्रेत होते, हा प्रश्न तेथेही उभा राहतो.

लसण्यातील रेषा ही कोणा कारागिराची करामत नसते. खनिजाच्या आत एकमेकांना समांतर असे असंख्य सूक्ष्म तंतू किंवा पोकळ नलिका असतात आणि त्यांवरून परावर्तित झालेला प्रकाश त्यांच्या दिशेला काटकोनात एका पट्टीत एकवटतो. कारागिराचे कौशल्य इतकेच, की खड्याचा तळ तंतूंना समांतर ठेवून वरचा भाग घुमटाकार करायचा. दिशा चुकली तर रेषा मध्यावर येत नाही. असे तंतू गारगोटी (क्वार्ट्झ), तुरमलीन, इतकेच काय बेरिलमध्येही असू शकतात व त्यांचेही मांजरडोळे घडवता येतात. क्रिसोबेरिलची कठीणता मोजमापावर ८.५ असून क्वार्ट्झची ७ आहे. किमतीत मात्र फार मोठा फरक असतो, आणि बाजारात दोन्ही लसण्या याच नावाने मिळत असल्याने खरेदी करणाऱ्याला केवळ नावावरून काहीच कळत नाही. काचेच्या धाग्यांपासून केलेले कृत्रिम मांजरडोळेही सर्रास विकले जातात. त्यांची रेषा निसर्गात क्वचित आढळावी इतकी रेखीव असते. खात्री हवी असल्यास घनता व वक्रीभवनांक मोजणाऱ्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा दाखला आणि त्यात खनिजाचे नाव क्रिसोबेरिल असे लिहिलेले असणे आवश्यक ठरते. श्रीलंका हा या रत्नाचा जुना व नामवंत स्रोत असून भारतात केरळ, ओडिशा व आंध्र प्रदेशात ते आढळते.

बेरिलियम

१७९८ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-निकोला व्होक्लँ याने बेरिल व पाचू यांचे पृथक्करण करून दोन्ही एकच द्रव्य असल्याचे आणि त्यांत एका अज्ञात मूलद्रव्याचे ऑक्साइड असल्याचे दाखवले. त्याचे क्षार चवीला गोड लागत म्हणून त्याला आधी ग्लुसिनियम म्हटले गेले. पुढे बेरिलियम हे नाव रूढ झाले. (ही चव कोणी घेऊ नये, बेरिलियमची संयुगे विषारी असून त्याची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते.) १८२८ मध्ये फ्रीडरिश व्होलर आणि आंत्वान ब्युसी यांनी स्वतंत्रपणे हा धातू वेगळा केला. जेम्स चॅडविक याने १९३२ मध्ये न्यूट्रॉनचा शोध लावला तो बेरिलियमवर अल्फा कणांचा मारा करून. २०२१ मध्ये अवकाशात सोडलेल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या मुख्य आरशाचे अठरा षट्कोनी भाग बेरिलियमचे आहेत.

भारतात १९६२ च्या अणुऊर्जा अधिनियमानुसार बेरिलियम हे विहित द्रव्यांपैकी एक गणले गेले आणि बेरिल हे २०२३ पर्यंत अणुखनिजांत मोडत असे. भाभा अणुसंशोधन केंद्राचा बेरिलियम प्रकल्प नवी मुंबईत वाशी येथे आहे.

क्रिसोबेरिल या नावाचा शब्दशः अर्थ सोनेरी बेरिल असा असला तरी ते बेरिल नव्हे. बेरिल हे बेरिलियम व ॲल्युमिनियमचे सिलिकेट आहे. क्रिसोबेरिल त्याच दोन धातूंचे ऑक्साइड असून त्यात सिलिका नसते. तरीही बेरिलियम दोन्हींत आहे. ज्या दोन खड्यांना भारतीयांनी वेगवेगळ्या काळांत वैडूर्य म्हटले, त्या दोन्हींत त्याच शब्दावरून नाव मिळालेले मूलद्रव्य असावे, हा निव्वळ योगायोग आहे; रंगरूपावरून खडे ओळखणाऱ्या जुन्या जोहऱ्यांना ते ठाऊक असण्याची शक्यता नव्हती.

वैडूर्य पर्वत

महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेला निघालेले पांडव पयोष्णी नदीनंतर वैडूर्य पर्वत आणि नर्मदा येथे पोहोचतात. या क्रमावरून हा पर्वत तापी-पूर्णेच्या खोऱ्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या परिसरात असावा असा तर्क केला जातो. नर्मदेतील ओंकारेश्वर बेटावरच्या मांधाता टेकडीचे पूर्वीचे नाव वैडूर्यमणी पर्वत होते, अशी स्थानिक परंपरा आहे. पतंजलीचा वालवाय, कालिदासाची विदूरभूमी आणि हा पर्वत ही एकाच ठिकाणाची नावे होत, असे मानायला आधार नाही. नर्मदाकाठच्या या पर्वताचे नाव तेथे खाण होती म्हणून पडले, की केवळ रंगावरून, हेही महाभारतातील उल्लेखावरून ठरत नाही.